मॉर्न डुवालची मास्तरकी

१ ऑगस्ट, सकाळ

काल ग्रेनाडात उतरलो. कायमचा. रोजनिशी लिहायचं ठरवलं आहे, म्हणजे उद्या कुणी कानांवर हात ठेवले तर माझ्याकडे लेखी पुरावा असेल.

हे कॅरिबियन बेट तसं माझंच. जन्म इथल्या मॉर्न डुवाल गावचा. चार वर्षांचा असताना आईबाबांनी इंग्लंडात लेस्टरला नेलं, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. पण रक्तातलं कुठे जातं? इथली माणसं मी आतून-बाहेरून ओळखतो. शिक्षणक्षेत्रात बावीस वर्षं काढली आहेत. (बदली शिक्षक म्हणून. पण मुलांना कुठे कळतं बदलीचा कोण आणि कायमचा कोण!) आठवड्याभरात नोकरी, वर्षभरात मुख्याध्यापक.

बहीण मार्शा आणि तिचा नवरा कीथ यांना सांगून आलो आहे की दहा सप्टेंबरचं परतीचं तिकीट फाडून टाकणार. कीथ म्हणाला, फाडू नकोस, माळ्यावरची खोली मी अजून दुसऱ्या कामाला घेतलेली नाही. बोलण्यात खोच होती. लक्षात ठेवली आहे.

२ ऑगस्ट

मुक्काम मिस युडोराकडे. आईची मावसबहीण, सत्तरीची, दणकट. सकाळी खोलीतून बाहेर आलो आणि विचारलं, चहा झाला का? ती हातातलं काम थांबवून बघतच राहिली. मग म्हणाली, का रे क्लाइव, आपण दोघं रात्री एका अंथरुणात झोपलो होतो का?

या वयात! आजपासून दाराला आतून कडी.

३ ऑगस्ट, संध्याकाळ ७.१५

मिस युडोरा चर्चमधून परतली. मी जेवणाच्या टेबलाशी तयारीत बसलो होतो. दारातूनच म्हणाली, "गुड नाइट, क्लाइव!"

सात वाजता. मला खोलीत पिटाळायचं, म्हणजे ताट वाचलं. मीही काही कमी नाही. "गुड नाइट" म्हणालो आणि तडक खोलीत. स्वयंपाकघरातून खाऱ्या मासळीचा वास बराच वेळ येत होता. तिनं बोलावलं नाही.

५ ऑगस्ट

शिक्षण कार्यालयात अर्ज द्यायला बसनं टाउनला गेलो. छोटी गाडी, चौदा माणसं. मी चढेपर्यंत हसणं-खिदळणं चालू होतं. मी बसलो आणि सगळे चिडीचूप. मागची एक बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, आजकाल काही लोक बसमध्ये बकऱ्या बसल्यात असं समजूनच चढतात. सगळे हसले.

माझ्याबद्दल आधीच कुणीतरी पेरून ठेवलं आहे. कार्यालयातही तोच प्रकार. खिडकीमागच्या बाईनं वर पाहिलं नाही. पाऊण तास उभा होतो. माझ्यानंतर आलेली तीन माणसं काम करून गेलीसुद्धा. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ ऑगस्ट, संध्याकाळ

पाय मोकळे करायला कोपऱ्यावरच्या रमच्या दुकानापर्यंत गेलो. बाकावर आल्बन नावाचा गवंडी आणि त्याचे दोन सोबती. मी जवळ पोचायच्या आतच तिघं म्हणाले, "गुड नाइट!" म्हणजे चालते व्हा. आल्बननं वर टोपीही काढली. टोमणा मारायची पद्धत बघा.

मागे फिरलो. मला घरी पाठवणाऱ्यांची यादी सुरू केली आहे. आज अखेर चार नावं.

१२ ऑगस्ट, सोमवार

कार्यालय बंद. म्हणे कार्निवल आहे. नेमका आजच.

१४ ऑगस्ट

मोठा विजय! सविस्तर लिहितो.

खिडकीपाशी जाऊन सरळ मुद्द्याचं विचारलं, क्लाइव पॉलिडोर, भूगोल, अर्जाचं काय झालं? बाई म्हणाली, "गुड मॉर्निंग." मी पुन्हा म्हणालो, अर्जाचं काय झालं? ती पुन्हा, "गुड मॉर्निंग." चौथ्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा इथला परवलीचा शब्द आहे! मी म्हणालो, "गुड मॉर्निंग." बाईचा चेहराच बदलला. म्हणाली, आता कसं माणसासारखं बोललात, साहेब! दोन मिनिटांत फाइल काढली. मॉर्न डुवालच्या शाळेत भूगोलाची जागा रिकामी आहे, शाळा समितीचे अध्यक्ष मिस्टर मोडेस्ट बोलावतील, असं म्हणाली.

मी बावन्न वर्षांच्या अनुभवानं जे ओळखलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. परतताना बसमध्ये चढताच ठणकावून "गुड आफ्टरनून" म्हटलं. तेराजणांनी उत्तर दिलं. एकीनं मांडीवर टोपली घेऊन मला जागा दिली. इथल्या रीतिभाती आता माझ्या हातचा मळ.

१५ ऑगस्ट, सकाळ

मिस युडोराला "गुड मॉर्निंग" म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, देवानं ऐकलं बाई, रात्रभर एका अंथरुणात असल्यासारखं अभिवादनाशिवाय बोलणं थांबलं एकदाचं. कोको, तळलेल्या पुऱ्या आणि अंडी दिली. का? काहीतरी काढून घ्यायचं असणार.

संध्याकाळी मात्र मूळपदावर. सात वाजता, "गुड नाइट, क्लाइव." उपाशी.

२० ऑगस्ट

खरा धोका कळला. मिस युडोराची भाची वर्लिन. चोवीस वर्षांची, बँकेत नोकरी, पण शिक्षकाची पदवी घेतलेली! आज येऊन मला इथल्या अभ्यासक्रमाचं पुस्तक देऊन गेली. वाचून ठेवा, म्हणाली, आपल्याकडे चक्रीवादळावर फार प्रश्न विचारतात. नक्की जुनं पुस्तक असणार. मुद्दाम उघडलं नाही.

तिनं मावशीच्या कानात विचारलेलंही ऐकलं, हे रात्री खरंच काही खात नाहीत? मावशी म्हणाली, कोण जाणे गं, बिलायती पोट. मी घरात पाऊल टाकते आणि हा उठून झोपायला जातो. रोज ताट झाकून ठेवते, सकाळी कोंबड्यांना घालते.

मला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोलत होत्या. बनाव.

२९ ऑगस्ट

पत्र आलं. मुलाखत ५ सप्टेंबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता, मिस्टर मोडेस्ट यांच्या घरी. दिवसा ते जायफळाच्या वखारीत असतात म्हणे. मुलाखत घरी का? अंधारात का? साक्षीदार नकोत म्हणून?

बातमी बाजूला ठेवून लिहायचं तर आज फार आनंद झाला. शाळेवरून चालत गेलो. भिंती निळ्या, खिडक्या उघड्या, मागे समुद्र. याच शाळेच्या पायऱ्यांवर आई मला घेऊन बसायची, असं मिस युडोरा सांगते. मला आठवत नाही. पण पायरीवर थोडा वेळ बसलो. ही नोकरी मला हवी आहे. लेस्टरमध्ये बावीस वर्षांत एकाही मुलाला माझं नाव पाठ नव्हतं.

आई तिकडे शेजारीपाजारी कुणाशी बोलायची नाही. मान खाली घालून यायची-जायची. गर्व असावा. आम्हा पॉलिडोरांत तो आहे.

४ सप्टेंबर

मिस युडोरानं माझा पांढरा शर्ट कडक इस्त्री केला. खिसे तपासायचा बहाणा. वर्लिन म्हणाली, मिस्टर मोडेस्ट माणूस सोन्यासारखा, पण आल्यागेल्याला नीट अभिवादन नाही केलं तर संपलं. गेल्या वर्षी एका विज्ञानवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं.

मला अभिवादन शिकवते! मला!

५ सप्टेंबर, संध्याकाळ ७.३०

नोंद झालीच पाहिजे.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी फाटकाशी. अंधार पडलेला. व्हरांड्यात मिस्टर मोडेस्ट, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एक पाद्री. टेबलावर झाकलेल्या बशा. "गुड इव्हिनिंग" माझ्या ओठांवर होतं. शेवटच्या पायरीवर पाय ठेवतो तोच तिघंही उठून उभे राहिले आणि हसत हसत एका सुरात म्हणाले, "गुड नाइट, मिस्टर पॉलिडोर!"

एक प्रश्न नाही. साधं बसा नाही. जागा आधीच कुणाला तरी देऊन झालेली, आणि वर माझी मजा बघायला बशा मांडून बसलेले!

मी मान ताठ ठेवली. "गुड नाइट," म्हणालो. टाचेवर वळलो आणि पायऱ्या उतरलो. मागून मोडेस्ट ओरडले, अहो, चाललात कुठे? मुख्याध्यापिका म्हणाल्या, निदान केक तरी खाऊन जा! जखमेवर मीठ. मागे वळून पाहिलं नाही.

आयुष्यात इतक्या रुबाबात मी कुठूनच बाहेर पडलो नव्हतो.

६ सप्टेंबर, संध्याकाळ

दिवसभर खोलीत. कार्यालयाला तक्रार लिहितो आहे, नऊ पानं झाली.

सातच्या सुमारास दारावर टकटक. कडी होतीच. कोण आहे म्हणून विचारलं. बाहेरून पुरुषाचा आवाज आला, "गुड नाइट!" आता घरात घुसून सांगायला लागले! मी आतूनच "गुड नाइट!" गरजलो आणि दिवा मालवला. पावलं थोडा वेळ थांबली, मग गेली.

८ सप्टेंबर, रविवार, दुपार

नोकरी वर्लिनला दिली. उद्यापासून शाळा. बघा! कुठलं पाणी कुठे मुरत होतं!

सोडणार नव्हतो. मिस युडोरा चर्चहून आली तसा नारळाच्या दुधातल्या नीरफणसाच्या पातेल्यापुढे उभा राहून तिला धारेवर धरलं. यादी वाचून दाखवली. एकूण एकवीस नावं, तारखेसकट, कुणी कुणी मला "गुड नाइट" म्हणून हाकललं त्याची. पहिलं नाव तिचंच.

ती खुर्चीत बसली. आधी मला वाटलं रडते आहे, पण हसत होती, पदरासारखा एप्रन तोंडावर धरून. मग हसता हसता खरंच रडली. म्हणाली, अरे गाढवा, अंधार पडल्यावर माणूस भेटला की आम्ही "गुड नाइट" म्हणतो. या, बसा, कसे आहात, सगळं त्यात आलं. मग अंधारात काय गुड मॉर्निंग म्हणायचं?

मी म्हणालो, जाताना म्हणतात ते. ती म्हणाली, येताना म्हणतात रे, येताना!

परवा दाराशी आलेले मोडेस्ट होते. स्वतः. माझं काय बिनसलं ते विचारायला. वर्लिननं अर्ज केलाच नव्हता. काल त्यांनी तिच्या हातापाया पडून तिला बँक सोडायला लावली, कारण सोमवारी वर्गात उभं राहायला कुणीतरी हवं होतं. ती त्यांना म्हणाली होती, आधी क्लाइवना पुन्हा विचारा. त्यांनी सांगितलं, विचारलं, बाई. मिस्टर पॉलिडोरनी दिवा मालवला.

मी विचारलं, आईनं हे मला का नाही सांगितलं? मिस युडोरानं पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाली, तुझ्या आईचं पहिलं पत्र आलं होतं लेस्टरहून. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी तिनं शेजारणीचं दार वाजवलं, केक घेऊन गेली होती. "गुड नाइट" म्हणाली. शेजारीण "गुड नाइट" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आम्ही इथे पत्र वाचून आठवडाभर हसलो. ती काही हसली नसणार. पुन्हा कधी त्याबद्दल लिहिलं नाही.

जेवलो. तीनदा वाढून घेतलं. मला लाज वाटत होती, फार.

९ सप्टेंबर

सकाळी मोडेस्ट यांच्याकडे जाऊन "गुड मॉर्निंग" म्हणालो. त्यांनी कॉफी दिली. म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही दिवसा शाळा पाहून ठेवली असेल आणि मन फिरलं असेल, पण बोलावलं होतं म्हणून निदान निरोप घ्यायला आलात. आम्हाला तुमची ती रीत आवडली होती. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी इतिहासाचे मास्तर निवृत्त होणार आहेत. पण वर्षभर खाणार काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परतताना शाळेवरून गेलो. खिडक्या उघड्याच होत्या. सगळा वर्ग एका सुरात म्हणत होता, "गुड मॉर्निंग, मिस वर्लिन." मी पायरीवर बसलो नाही.

एक खरं ते लिहून ठेवतो. अभ्यासक्रमाचं पुस्तक नवं कोरं होतं. आज उघडून पाहिलं.

तिकीट फाडलं नव्हतं. केवळ विसरल्यामुळे.

१० सप्टेंबर, विमानतळ

तात्पुरता जातो आहे. लेस्टरमधून अधिक जोमानं तयारी करता येईल. इतिहासही माझा विषय होऊ शकतो. आल्बननं सामान गाडीत चढवलं. त्याचं नाव यादीतून खोडलं. मग सगळी यादीच खोडली. मिस युडोरानं डब्यात मासळी आणि पुऱ्या दिल्या होत्या. त्या इथेच संपल्या.

११ सप्टेंबर, लेस्टर, संध्याकाळ

मार्शा कामावर. दार कीथनं उघडलं. बैठकीत त्याची आई आणि भाऊ टीव्हीसमोर, टेबलावर मांस भरून भाजलेली मीट-पाय, नुकतीच कापलेली, वाफा निघत होत्या. बाहेर अंधार पडला होता. मी बॅग खाली ठेवली, एकेकाकडे नीट पाहिलं आणि मनापासून म्हणालो, "गुड नाइट!"

कीथनं घड्याळात पाहिलं. म्हणाला, एवढ्यात? बरं, दमला असशील. गादी माळ्यावर घातली आहे. त्याची आई म्हणाली, "गुड नाइट, बाळा," आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

समजावून सांगायला हवं होतं. आईनंही त्या शेजारणीला सांगितलं नसावं.

वर आलो. आठ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मीट-पायचा वास इथपर्यंत येतो आहे.