डिकीतल्या आठ ढेपा

१० फेब्रु. ९७, फलटण
आज मी गाडीत वजन म्हणून बसले. सं. म्हणला, "आज्जे, दोन्ही खेपंला गाडीत तेवढीच माणसं पायजेत. तू मागं बस आन् मीटरचे आकडे ह्या वहीत लिव." (नातवाचं नाव संजू संजू लिवून हात दुखतो, म्हणून नुसतं सं.) शाळा माझी दुसरीपातूर, पण आकडे येत्यात. आकडे दोन ओळीत संपले. वही एवढी कोरी, मग ऱ्हायलेलं बी लिवते.

टाकी तोंडापातूर भरली. पलूसला शालनकडं जायाचं, परत यायाचं, पुन्हा तोंडापातूर भरायची. जेवढं तेल बसंल तेवढं गाडी प्याली. आज गाडीत इंजनाची हवा गाळायचा कागदी फिल्टर, गाडीबरं आलेला, म्हंजी माझ्या लेकाच्या, बाळूच्या पसंतीचा. पुढच्या खेपंला सं.चा लाल. दोन्ही खेपा बाळूच चालवणार, गाडी दाबणारा पाय एकच पायजे म्हणं.

मला काय, लेकीचं तोंड बघाय मिळालं! मोगराळ्याच्या घाटात वारं लागलं, पदर सारखा उडत व्हता. ह्या वयात मला कोण एवढं फिरवतंय?

रिकाम्या हातानं लेकीकडं कसं जायाचं? बाजरीचं पोतं नेलं. येताना शालननं आन् तिच्या जावंनं डिकीत गुळाच्या आठ ढेपा घातल्या, दहा-दहा किलोच्या. नको म्हणले. "आये, रिकामी पाठवली तर भावकी मला काय म्हणंल?" बाप्ये ओसरीवर चहा पीत व्हते. डिकीत काय हाय ते बाप्यांना कवा ठावं असतंय? भरणाऱ्या आमी, काढणाऱ्या आमी.

११ फेब्रु.
लिटरला चौदा निघाले. बाळूनं मिशीवरनं हात फिरवला.

पैज आशी. लाल फिल्टरनं लिटरमागं एक किलोमीटर जादा दिला, तर सं.नं सांगलीला दोस्ताबरं फिल्टरचं दुकान टाकायचं, बाळू आडवा येणार न्हाई. न्हाई दिला तर एप्रिलात फौजेच्या भरतीला पळायचं. "शब्द?" सं.नं इचारलं. "फौजीचा," बाळू म्हणला. बावीस वर्सं मिलिटरीत गाड्या चालवल्या त्यानं. त्या बावीस वर्सांत मी पोस्टमनच्या सायकलची घंटी वळखाय शिकले.

१९ फेब्रु.
लाल फिल्टर बसवला. दिसाय लय गोड, देवळाच्या शिखरासारखा निमुळता. कापडाचा हाय, धुवून तेल लावलं की पुन्हा नवा. गाडी चालू केली की घुं करून वारं वढतंय. सं. नाचायलाच लागला, "आज्जे, पिकप बघ! ताकद बघ!"

बाळू म्हणला, "आवाज म्हंजी ताकद न्हवं रं. वरातीत बँड लय वाजतो, म्हणून नवरा पैलवान व्हतो काय?"

"आवं आबा, इंजनाला मोकळा श्वास मिळतो," सं. बापाला म्हणला.

"आन् कागदी फिल्टरनं त्याचा गळा धरलाय व्हय? साफ असला म्हंजी बास झालं की!"

मंगल, माझी सून, आतनं म्हणली, "गाळणं बदललं म्हणून चा गोड व्हतो काय!" लय हासलो. सं. बी हासला. मी म्हणले, मोठ्या फुंकणीनं चूल धडधडती खरी, पण लाकडं बी बिगीनं सरत्यात. तवा सं. माझ्याकडं बघतच ऱ्हायला. म्हणला, "आज्जे, तू कुणाच्या बाजूची?"
मी कुणाच्या बाजूची, ते मला कुठं...

२६ फेब्रु.
पलूसला जाऊन आलो. खेप करायची म्हणून न्हवं, शालनचा चुलत सासरा गेल्याची बातमी आली. नव्वदी गाठलेला म्हातारा, सोनं झालं. बाळू म्हणला, जायाचंच हाय तर ह्यातच खेप मोजू. माणसं तीच, रस्ता तोच. दुखवट्याला भेटाय जाताना हातात काय न्ह्यायाचं नसतंय. सुतकाच्या घरातनं काय आणायचं बी नसतंय. चहा सुदिक न घेता निघालो. शालन रडली, मी बी रडले. गाडीत मात्र लय हलकं वाटत व्हतं, म्हणलं रडल्यामुळं आसंल.

२७ फेब्रु.
सव्वा पंधरा!! सं.नं मला उचलून गरकन फिरवलं. "अरं म्हाताऱ्या हाडाचा मोड व्हईल." पेढे आणले. बाळूनं पेढा घेतला, तोंडात न घालता हातातच धरला. पर म्हणला, "शब्द म्हंजी शब्द."

मला तर सणच. सांगली कुठं, न् काश्मीर कुठं. सांगलीचा माणूस यष्टीनं रविवारी घरी येतो. लाल फिल्टरला मी हळद-कुंकू लावणार व्हते, सं. म्हणला, "आज्जे, आत जाईल ते."

२३ मार्च, होळी
पुरणासाठी ढेप फोडत व्हते. मंगल म्हणली, "आत्याबाई, ह्या ढेपांनी फळीच वाकली बघा. आठ ढेपा म्हंजी काय थोडं वजन हाय?"

बत्ता माझ्या हातातच ऱ्हायला.

पहिल्या खेपंला जाताना बाजरी, येताना आठ ढेपा. म्हंजी येताना गाडीत आणखी एक जाडजूड माणूस बसल्यावानी. दुसऱ्या खेपंला काय सुदिक न्हाई, हलकी गाडी कमीच पिणार. वजन म्हणून मीच बसले व्हते, आन् माझ्याच पाठीमागं...

मंगलला सांगितलं. तिनं आधी दार लोटलं. "आत्याबाई, पाया पडते, गप बसा. एकच पोरगं हाय. ह्यांच्या पायी मी किती रात्री काढल्यात ते तुमास्नी ठावं हाय."

ठावं हाय. माझ्याच बाजूला निजायची ती.

बाळू पुरणपोळीवर तूप वाढून घेत म्हणला, "आये, गूळ एक नंबर हाय." मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

२७ मार्च
बाळूला सांगाय गेले. तो अंगणात कागदी फिल्टर झटकत बसलेला. झटकायचा, उन्हाला धरून बघायचा. म्हणले, बाळू, ती पयली खेप... तो म्हणला, "आये, जाऊ दे आता. पोरापुढं हारलं तर कमीपणा कसला?" आन् पुन्हा फिल्टर उन्हाला धरला. मी माघारी फिरले.

नंतर सं.कडं गेले. तो दुकानाची पाटी रंगवत व्हता. "आज्जे, अक्षर बरं हाय का?" मी म्हणले, लय बरं हाय.

सांगितलं तर पोरगं जातंय. न्हाई सांगितलं तर लेक खोटा पडतोय, ज्यानं उभ्या आयुष्यात हिशेबात लबाडी केली न्हाई. मी दोघांच्या मधी, वजन म्हणून.

२ एप्रिल
बाळूच उठला आन् म्हणला, "दोन खेपांत निकाल न्हाई लागत. त्या दिवशी वारं पाठीमागनं आसंल. फौजेत तीनदा मोजत्यात." सं. म्हणला, "धा वेळा मोजा की, आबा." छाती केवढी फुगलेली त्याची! लाल फिल्टरवर तिसरी खेप, आईतवारी.

मंगल माझ्याकडं बघत व्हती. मी तांदूळ निवडत बसले.

६ एप्रिल
सकाळी जाताना बाजरीचं पोतं घेतलं. मंगलनं धराय हात लावला न्हाई. शेजारणीला बोलवून डिकीत टाकलं. पलूसला शालनला म्हणले, आठ ढेपा घाल. "आगं आये, मागच्या संपल्या? एवढं कोण खातंय?" म्हणले, घाल तू. मोजून घाल. बोलाय माझं तोंड उघडत न्हाई, पण पारडं तरी सारखं करावं. दोन्ही फिल्टरना गूळ सारखाच.

निघताना सं. पाण्याचा कॅन घ्यायला मागं आला. डिकी उघडली आन् उभाच ऱ्हायला.

"आज्जे, हे काय?"
"गूळ."
"मागच्या खेपंला व्हता?"
"न्हाई. सुतक व्हतं न्हवं."
"त्याच्या मागच्या?"
मी व्हय म्हणून मान हालवली.

त्यानं बोटानं ढेपा मोजल्या. मला वाटलं, उचलून खाली ठेवंल. आठच तर हायत, तरणा हाय. पुढनं बाळूनं आवाज दिला, "काय झालं रं?"

"काय न्हाई आबा. आज्जीचं गाठोडं हाय."
आन् डिकी लावली. हळू लावली.

परत येताना घाटात लाल फिल्टर घुं घुं करत व्हता. सं. खिडकीतनं बाहीर बघत ऱ्हायला. बाळूनं एकदा म्हणलं, "आज गाडी दमत्याय जरा," आन् गेर बदलला.

फलटणला आलो तर पंपावर लाईट न्हाई. टाकी सकाळी भरायची.

७ एप्रिल, सकाळ
चूळ भराय भाईर आले. गाडी अंगणात. ढेपा डिकीतच हायत, कुणी काढल्या न्हाईत. मंगल सं.कडं बघत व्हती, सं. माझ्याकडं, मी जमिनीकडं.

जमिनीवर मुंग्या. तुळशीपासनं मागच्या चाकावर, तिथनं डिकीच्या फटीत, काळी रेघ वढल्यावानी. बाळू आत दाढी करतोय. दाढी झाली की गाडीवर पाणी माराय येईल, रोजचंच हाय त्याचं. मुंग्या बघितल्या की डिकी उघडंल. डिकी उघडली की इचारंल. आन् इचारलं तर मला पयल्या खेपंपासनं सांगावं लागंल.

हळद टाकली की मुंग्या वळत्यात. आत जाऊन वाटी भरून आणली.

वाटी वहीशेजारी ठेवून हे लिवतेय, हळद अजून टाकली न्हाई. बाळूनं नळ सोडल्याचा आवाज आला, गाडीसाठी बादली भरतोय.