पेडलवरची जागा

मोंकाल्वो, २ जुलै १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर आपली दुसऱ्याच वाक्याला जुंपते, म्हणून कागद घेतला.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, जीभ नाही. बाबांची फियाट मात्र रुसली आहे. मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर गळत होते, ते मी नवे बसवले. हो, मी! हसू नकोस. आता नळ्यांतली हवा काढायची आहे. शेजारचा एल्विओ सुतार पेडलवर बसतो, म्हणजे आत बसून ब्रेक दाबतो, आणि मी चाकापाशी आडवी होऊन हवेचा स्क्रू सोडते. तरी पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं.

२५ला वाटसरूंना सांभाळणाऱ्या संत क्रिस्तोफोरोचा दिवस. टेकडीवरच्या देवळापुढे गाड्यांवर तीर्थ शिंपडतील, आणि आईने जाहीर केलंय की बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष, ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाणार नाही. चढायला इंजिन समर्थ आहे गं, उतरायचं कसं? परक्या गॅरेजचं नाव काढलं तर म्हणाली, मग मलाही तिथेच ठेवून ये. तू हे काम बाबांबरोबर वर्षानुवर्षं केलंस. माझं काय चुकतंय, ते कळव.

भाओजींना नमस्कार. लोभ असेल तेवढा पाठव.
तुझी निव्हेस

जिनोआ, ६ जुलै

चि. निव्हेस हिस,
अ. उ. आ. पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याला कापूर चोळ.

बाकी मजकूर मी भरभर वाचला आणि एका ओळीवर अडकले. एल्विओ पेडलवर बसतो! कोण एल्विओ? ज्याने केलेल्या आपल्या मागच्या दाराला अजून कडी लागत नाही, तोच ना? त्या जागेवर मी अकराव्या वर्षी बसले. पाय पुरावा म्हणून बाबांनी पाठीशी उशी दिली होती. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मी तिथे होते, केसांना पिना लावून. आता तिथे लाकडाचा भुसा सांडत असेल. मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. नवरा म्हणाला, अगं, एका पेडलवरून? त्याला काय कळतंय!

तरी सांगते. मागचं उजवं चाक आधी घे, ते सगळ्यांत लांबचं. स्टिअरिंगकडचं पुढचं शेवटी. ब्रेक ऑइलचा डबा रिकामा होऊ देऊ नकोस. राहिला पेडलचा प्रश्न. बाबांना ऐकू कमी यायचं, म्हणून कधी दाबायचं, कधी सोडायचं, हे आमचं बोलणं पान्याच्या ठोक्यांनी चालायचं. ते ठोके मी सुताराला शिकवणार नाही.

आईला माझा गोड पापा दे. एल्विओला देऊ नकोस.
तुझी ताई

मोंकाल्वो, १२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू सांगितलंस त्या क्रमाने चारही चाकं केली. पेडल जरा वर आलं, पण अजून मऊच. मी स्क्रू सोडला की पेडल एकदम तळाला जातं. एल्विओला वाटतं आपल्या हातून काहीतरी मोडलं, आणि तो घाबरून पाय उचलतो. मी ओरडेपर्यंत हवा परत आत.

तुला जेवण गेलं नाही म्हणतेस. मला किती दिवस गेलं नसेल, याचा विचार केलास? तुम्ही दोघं गॅरेजात ठकठक करायचात आणि मी दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी. आत पाऊल टाकलं की बाबा म्हणायचे, तेल लागेल बाळ, लांब राहा. मला तेल लागायलाच हवं होतं ताई! त्यांनी गाडी माझ्या नावावर केली, तेव्हा वाटलं, निदान आता तरी. तर तू हत्यारांची पेटी उचलून जिनोआला नेलीस. तुझ्या पाचव्या मजल्यावर त्या पान्यांनी काय अक्रोड फोडतेस? मी एल्विओकडून उसने आणते, म्हणून तो रोज इथे असतो.

ठोके सांग. आईसाठी सांग. आणि माझ्यावर जळू नकोस, मी तुझ्याआधीपासून जळते आहे.
तुझी निव्हेस

जिनोआ, १७ जुलै

चि. निव्हेस हिस,
अ. उ. आ. होय, जळते. गाडी तुला का मिळाली, हे मी अजून गिळलेलं नाही. पेटी आणली कारण तिला त्यांच्या हातांचा वास आहे. ती पलंगाखाली ठेवली आहे. नवऱ्याला सांगितलंय, उघडायची नाही.

ठोके कागदावर लिहून येत नाहीत. मी स्वतः येते, पेटीसकट. पण तू ‘ताई, ये’ असं लिहायला हवंस, आणि एल्विओला आधी तिथून उठवायला हवंस. तोवर आईला त्या उतारावरून नेलंस तर याद राख.

लोभाचं काय, तो आहेच. रागही आहे.
तुझी ताई

मोंकाल्वो, २६ जुलै

चि. ओर्नेला हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. निव्हेसने तुझं पत्र टेबलावर आपटलं आणि म्हणाली, मी मरेन पण ‘ये’ लिहिणार नाही. ती भांडी घासायला गेल्यावर मी ते वाचलं. मग तुझ्या बाबांचे जुने बूट घातले, गॅरेजात गेले आणि एल्विओला म्हटलं, ऊठ मेल्या, आधी आमच्या दाराची कडी लाव.

मी पेडलवर बसले. निव्हेसला सांगितलं, पान्याने एक ठोका दे, मी दाबून धरते. दोन दिलेस की सोडते. तोवर पेडल तळाला गेलं काय, आभाळ कोसळलं काय, पाय हलणार नाही. संध्याकाळपर्यंत पेडल दगडासारखं झालं. काल देवळात जाऊन आलो. उतारावर पाद्रीबाबांची बकरी आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली. बकरीच्याही अंगावर तीर्थ पडलं.

निव्हेस अजून विचारते, आई, तुला ठोके कसे ठाऊक? तिला नाही, तुला सांगते: अगं, तुझे बाबा लढाईतून कान गमावूनच परतले होते. हे ठोके त्यांनी आणि मी मिळून ठरवले. गाडी आली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, आणि पुढची आठ वर्षं ती जागा माझी होती. मग तुझा पाय पुरायला लागला. ते म्हणाले, आता पोरीला बसू दे, तू सूप बघ. त्या दिवशी मी सूप करपवलं. सगळ्यांना वाटलं, विसरले. मी विसरले नव्हते. पुढे दर वेळी गॅरेजातून ठकठक ऐकू आली की मी कांदा जोरात चिरायची. पोटच्या पोरीवर जळत होते, म्हणून कुणाला बोलले नाही.

तीन ठोक्यांचा अर्थ त्यांनी तुला शिकवला नसेल. तो माझ्यापुरताच होता, आणि तसाच राहील.

आता मी लिहिते: ये. पेटी घेऊन ये, तिकडचे खारवलेले अँचोव्ही मासे आण. क्लचचं काम निघालंय, त्यालाही पेडल दाबायला माणूस लागेलच. चाकाखाली कुणी झोपायचं आणि डब्यात तेल कुणी ओतायचं, ते दोघी भांडून ठरवा. पेडलवरची जागा भरलेली आहे.

तुझी आई