मुका डबा

माय, आज सुनेनं मण्यांसाठी चोवीस खणांचा पारदर्शक डबा मागवला. घरात एवढ्या वाट्या, एवढी झाकणं पडलेली असताना विकत कशाला, असं अगदी तोंडावर आलं होतं, पण गिळलं. तसलाच एक डबा मीही तुझ्यासाठी आणला होता ना.

लग्नानंतरची तिसरी आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. धुळ्याहून पारोळ्याला माहेरी आले आणि पिशवी ठेवल्या ठेवल्या तुझा तोरणांचा पसारा आवरायला घेतला. मणी घरंगळू नयेत म्हणून परातीत जुन्या सतरंजीचा तुकडा. भोवती लाल मण्यांची पितळी वाटी, हिरव्यांसाठी पावडरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण, काळ्यांसाठी करवंटी. मी सगळे मणी नव्या डब्याच्या खणांत ओतले, भांडी घासून फळीवर पालथी घातली. तू म्हणालीस, "चांगला शे." दोन दिवसांनी देवीच्या तोरणातला पोपट बघते तर अर्धा हिरवा, अर्धा काळा. पोपट चुलीत पडला होता का, असं मी हसत विचारलं. तू हसली नाहीस. मला दार लोटायला लावलंस आणि सुई तशीच हातात धरून हळू म्हणालीस, "वाटी वाजस, झाकण वाजस, करवंटी वाजस. तुना डबा मुका शे. माले रंग दिसत नही, बाई. कोनले सांगू नको."

आबांना कळलं तर ते तोरणं बंद करतील, देवीची सेवा सुटेल, ही तुझी धास्ती. मी भांडी खाली काढली. तू माझा हात धरून सुईचं टोक एकेका भांड्याला लावलंस, डोळे मिटून ओळखायला सांगितलंस. पोपट उसवून आपण दोघींनी परत ओवला. माझ्याच हातून बिघडला होता, असं मी आबांना सांगितलं. सासरी जाऊन पोरगी काम विसरली म्हणून मी परत जाईपर्यंत ते मला चिडवत राहिले आणि तू पदराआड हसत होतीस. त्या दुपारी दिलंस ते अजून हातात आहे. नामस्मरण करत, खाली न बघता ओवते मी. देवळातल्या बायका विचारतात, कुठं शिकलात? मी म्हणते, आईकडं.

हे कुठं टाकायचं पत्र नाही, वहीतच राहील, म्हणून लिहिते. तुला डॉक्टरकडे न्यावं असं कितीदा वाटलं. दर वेळी स्वतःला समजावलं, तिनं सांगू नको म्हटलंय. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. आम्ही चार भावंडं. तू एवढी एकच गोष्ट फक्त माझ्याजवळ दिली होतीस. ती सगळ्यांची झालेली मला नको होती.