हजेरीतलं तुझं नाव

करंजाडे,
१९ एप्रिल २०२६

प्रिय दादूस,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत. तूही हैदराबादला मजेत असशील आणि वेळेवर जेवत नसशील, असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला. आता शेवटपर्यंत वाच.

आधी आईची बातमी. तिने गच्चीवर सोडे वाळत घातलेत. वासाची तक्रार घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे लोक आले, तर तिने त्यांना सोड्याचं कालवण पाठवलं. आता ते रेसिपी विचारायला येतात.

दुसरी बातमी अशी की बाबांनी साइटवर एआय घेतलंय. हो, आपल्याच बाबांनी. सगळ्या मजुरांसमोर तुझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून "मना शिकवनार काय तुजा डबा?" असं ज्यांनी तुला विचारलं आणि ज्यानंतर तू बॅग भरलीस, तेच देवजीशेठ. मी कुणाची बाजू घेत नाही. तूही तेव्हा कमी बोलला नव्हतास.

मागच्या वर्षी हट्ट करून मी तू सुचवलेला तोच प्रोग्रॅम एका मजल्यापुरता आणला. स्लॅब भरायच्या आधी मोबाइलवर सगळीकडचे फोटो काढायचे. प्रोग्रॅम ते नकाशाशी ताडून बघतो आणि काय राहिलं ते सांगतो. पहिल्याच स्लॅबला तो म्हणाला की कोपऱ्यातल्या किचनजवळ पाइपासाठी मोकळी जागा सोडलेली नाही. बाबांनी प्रोग्रॅमलाच वेड्यात काढलं, "येरा झालाय तो." तरी जिना चढून वर गेलेच. खरंच सोडली नव्हती! काँक्रीट पडल्यावर कळलं असतं तर नवाकोरा स्लॅब फोडावा लागला असता. बाबा तिथेच सळ्यांवर उभे राहिले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हरेश बरोबर बोलत व्हता."

माझ्यासमोर म्हणाले, सेंट्रिंगचं काम बघणाऱ्या आपल्या मामाच्या सदूसमोर म्हणाले. साक्षीदार आहेत.

तेव्हापासून त्यांना नुसतं वेड लागलंय. हेल्मेट न घालणाऱ्याला पकडणारा कॅमेरा त्यांनी स्वतः लावून घेतला आणि पहिल्याच दिवशी स्वतःच सापडले. पांढऱ्या टोपीतला बाबांचा फोटो, खाली "हेल्मेट नाही", आणि हा निरोप सगळ्या सुपरवायझरांच्या मोबाइलवर! कुणाची हसायची हिंमत होईना. शेवटी बाबाच हसले आणि सगळ्या साइटला वडापाव मागवले. आता टोपीवर हेल्मेट घालतात. टोपी काही काढत नाहीत.

पण खरी गंमत पुढेच आहे. वेळापत्रक नीट आखता यावं म्हणून प्रोग्रॅमला आपल्या जुन्या साइटींच्या नोंदी दिल्या. थोड्या दिवसांनी प्रोग्रॅमच्या कंपनीतल्या प्राचीचा फोन आला. बिचारी गंभीर होती. म्हणाली, "मॅडम, दर उन्हाळ्यात तुमचं काम मध्येच बंद पडतं. माल असतो, माणसं असतात, पाऊस नसतो. सिस्टीमला कारण सापडत नाहीये. तुमच्याकडे संप होतो का?"

फोन स्पीकरवर होता. बाबा हसून हसून खुर्चीत मागे गेले. "अगो पोरी, हलदी असतान आमच्याकरं!"

मग मी तिला नीट समजावलं. जेसीबी काकांचा, सेंट्रिंग मामाकडचं, टँकर आत्याच्या दिराचा. गावात एक हळद लागली की हे सगळे उजाडेपर्यंत डीजेपुढे नाचणार आणि मटणावर ताव मारणार. दुसऱ्या दिवशी मशीन चालू करणार कोण? प्राची म्हणाली, "मग तारखा द्या ना." आता गावातली प्रत्येक हळद प्रोग्रॅममध्ये आहे. लग्नपत्रिका आली की आई आधी ती मला आणून देते.

आता एक अडचण सांगते. नव्या इमारतीचा शेवटचा स्लॅब चौदा मेला भरा, असं प्रोग्रॅमचं म्हणणं पडलं. उशीर झाला तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसात सापडेल. हल्ली त्याला विचारल्याशिवाय बाबा सिमेंटची गाडीही उतरवून घेत नाहीत. पण या वेळी म्हणाले, "सतराला धर." स्क्रीन लालेलाल झाली. बाबा हलले नाहीत.

कारण चौदाला काँक्रीट वर चढवणारा पंप मिळणार नाही. पंपाचा मालक जयप्रकाश त्या दिवशी स्वतःच हळदीला बसणार आहे. हो, तोच तळोज्याचा. शाळेत तुझ्या डब्यातली बोंबलाची चटणी संपवायचा तो.

आता तू विचारशील, मुलगी कुठली?

दादूस, मीच.

हे लिहायला मला इतका कागद लागला. काय झालं, की पंप बिघडला की तो स्वतः दुरुस्त करायला यायचा. मग पंप जरा जास्तच बिघडायला लागला. प्रोग्रॅम मला दर वेळी बजावायचा की हा पुरवठादार भरवशाचा नाही, बदला. मी दर वेळी ती सूचना काढून टाकायचे. प्रोग्रॅमला काही कळलं नाही, बाबांना कळलं. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "पंप बिघारतो का बिघारवतो, ह्ये एकदा त्याला इचार." मी लाजून कपात बघत बसले. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःच तळोज्याला जाऊन बोलणी करून आले.

मी खूप खूप आनंदात आहे. दिवसभर साइटवर गुणगुणते, सदू चिडवतो. आईने माझ्यासाठी हिरवा चुडा सांगून ठेवलाय. फक्त एका गोष्टीवर घरात सगळ्यांचं अडतं.

लग्नात जयप्रकाशचा कान कोण पिळणार?

सदू हौसेने म्हणाला, "मी पिलतो की!" बाबा म्हणाले, "ती जागा भरलेली हाय." एवढंच बोलून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले.

अजून एक आहे. हे तुला सांगायचं नाही, असं मला घरात बजावलंय, म्हणून सांगते. आपल्या साइटच्या गेटवरचा कॅमेरा चेहरा बघून हजेरी लावतो. तो बसवला तेव्हा बाबांनी सगळ्यांचे फोटो दिले आणि त्यात तुझाही दिला. तुझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, कान बाहेर आलेला. त्यामुळे रोज सकाळी हजेरी येते तेव्हा सगळी नावं हिरवी असतात आणि एकच लाल. हरेश देवजी, गैरहजर. रोज. मी एकदा म्हटलं, "बाबा, काढून टाकू का? उगाच दिसतं." तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. येल तवा हजर लागल."

ते फोन करणार नाहीत. तूही करणार नाहीस. दोघांची डोकी एकाच साच्यातून काढलीत. मला तुमच्यात बोलणी लावून द्यायची नाहीत. मला माझा भाऊ हवाय माझ्या हळदीला, बस. तू नसलास तर मी नाचेन, हसेन, सगळं करेन. पण मांडवात एकसारखी गेटकडे बघत बसेन, आणि बाबाही बघत बसतील.

तेराला ये. सतराचा स्लॅब भरूनच जा. जयप्रकाशचा कान जोरात पिळ, माझी परवानगी आहे.

आई म्हणते, तू दाढी वाढवली आहेस. तसं असेल तर कॅमेरा तुला ओळखणार नाही कदाचित. मी ही शंका बाबांना विचारली. त्यांनी हेल्मेट काढलं, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी हाय ना गेटवर."

गेटवर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक,
तुझी सोनी