टॉलेमीचं नाव

शुक्रवार, १४ जुलै २००६. बेडोक.

आज ईराने सबंध वर्गासमोर सॅलॅमिसच्या आरमारी लढाईवर भाषण केलं. अडखळत बोलणारी माझी पोर! पालकांना बोलावलं होतं, म्हणून मी रजा टाकून मागच्या बाकावर बसलो.

अलेक्झांडरच्या मागे त्याचे सरदार राज्यासाठी भांडले, इथवर ठीक चाललं. पुढे सायप्रसमधल्या सॅलॅमिसजवळ डिमेट्रियसने इजिप्तच्या टॉलेमीच्या आरमाराचा धुव्वा उडवला, आणि तिथेच तिची जीभ अडली. ‘ट... ट...’ कोणीतरी हसलं. अडलीस तर ‘इजिप्तवाला’ म्हण, असं मीच तर शिकवलं होतं. का म्हणेना ही? पाच वेळा अडली. पाचही वेळा ‘टॉलेमी’ पुरं म्हणूनच पुढे गेली.

परतताना बसमध्ये विचारलं, “सोपा शब्द का नाही वापरलास गं?”

इथल्या पोरांसारखं वाक्याला ‘लाह’ जोडत ती म्हणाली, “बाबा, तो ऑलरेडी हरला लाह. निदान त्याचं नाव तरी नीट घ्यायला नको?”

आणि मी तिला काय शिकवत होतो? पळवाटा! शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंनाही सांगावंसं वाटलं, ही माझी मुलगी.