ओदिलला काहीही नाही

मी आर्लेत वियाल, वय बावन्न, राहणार मार्सेय, बंदराच्या वरच्या गल्लीत, धंदा टोप्या शिवण्याचा. सरकारी कागद मला अजूनही पुरुषाच्या नावाने, फेर्दिनां वियाल म्हणतात. माझी छाती खराब आहे, डोकं ठिकाणावर आहे, आणि जे सांगते ते कोणी पढवलेलं नाही. वकीलसाहेब समोर बसून उतरवून घेत आहेत. साक्षीला दोघी हजर आहेत: शेजारची पाववाली मादाम एस्तेव्ह, आणि केसाळ कॉलरचा कोट मिरवत आलेली मादाम ओदिल रिबो. वाचन संपेपर्यंत साक्षीदारांनी मध्ये बोलायचं नाही, असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. ओदिलचं तोंड बंद ठेवायची एवढी चांगली सोय मला तीस वर्षांत सापडली नव्हती.

कलम १. घर भाड्याचं आहे. शिवणयंत्र, टोप्यांचे लाकडी साचे आणि फितींचे डबे निनॉनला द्यावेत. ही पोरगी आमच्या जुन्या ‘काळा मोर’ नाचघरात हल्ली गाते. गळा बेताचा आहे, पण हात चांगला आहे.

कलम २. माझा भाऊ ओगुस्त याला वडिलांचं घड्याळ. त्याने माझ्यासाठी वडिलांचा काळा सूट इस्त्री करून ठेवला आहे. म्हणतो, “जिवंतपणी केलीस ती थेरं पुरे. मेल्यावर तरी फेर्दिनां म्हणून आपल्या थडग्यात ये.” वारस तोच, कागद त्याच्या बाजूचे. तो सूट त्यालाच लखलाभ असो. मला त्यात घालू नये. हे मृत्युपत्र मी एवढ्याचसाठी करते आहे.

कलम ३. निळी प्रवासी पेटीही निनॉनलाच. ‘काळा मोर’मधल्या आम्हा मुलींची रीत अशी, की बाईचं शरीर मिळवून देणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी कासाब्लांकाला जाणारीने हीच पेटी घेऊन बोटीत चढायचं, आणि परत आल्यावर पुढची कोण हे ठरवून पेटी तिच्या हातात द्यायची. डॉक्टरांचा पत्ता अस्तरात शिवलेला. पेटी मिळाली नाही तर जायचं नाही.

१९५७ साली ओदिल परत आली. हिरव्या रेशमी झग्यात बोटीवरून उतरली, तेव्हा धक्क्यावरचे हमालसुद्धा ओझी टाकून बघत राहिले. माझा जळून कोळसा झाला. पुढचा नंबर माझा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिने पेटी दिली सिल्वेतला! मी विचारलं तर म्हणते, “अगं बाई, हा खोकला घेऊन भुलीच्या टेबलावर चढशील, आणि चौघांना उतरवावं लागेल तुला.”

खोकल्याचं निमित्त! माझी कंबर हिच्यापेक्षा बारीक होती, हे खरं दुखणं.

मी दोन वर्षांनी गेले आणि धडधाकट परत आले. पण तोवर ओदिलला कोर्टातून बाईचे कागद मिळाले होते, आणि ते देणारे म्हातारे न्यायाधीश घरी बसले होते. नव्या न्यायाधीशाने माझा अर्ज पुरता वाचलाही नाही. कागदांच्या जोरावर हिने चर्चमध्ये लग्न केलं. मागच्या वर्षी नवरा वारला, तर आता विधवा म्हणून काळी जाळी लावून फिरते. तेवढंसुद्धा हिलाच मिळावं ना!

कलम ४. ओदिल रिबो हिला मी काहीही देत नाही. सुई नाही, फीत नाही. वकीलसाहेब म्हणाले, “बाईसाहेब, हे लिहायलाच हवं का?” म्हटलं, ठळक लिहा. कारण ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. आणि मला हिचीच साक्ष हवी आहे.

कलम ५. माझ्या अंत्यविधीचा सगळा अधिकार ओदिलला. ओगुस्तने प्रेताला हात लावू नये. मला आंघोळ हिनेच घालावी, दुसऱ्या कोणासमोर मी उघडी पडणार नाही. दगडावर ‘आर्लेत’ कोरून घ्यावं. ओगुस्त आडवा आला तर हिच्या जिभेपुढे टिकणार नाही. ती जीभ मी सोसली आहे.

कलम ६. मला तो हिरवा रेशमी झगा घालावा.

इथे वकीलसाहेब म्हणाले की झगा मादाम रिबो यांच्या मालकीचा असल्याने त्याची व्यवस्था मला लावता येत नाही. त्यावर साक्षीदार ओदिल रिबो मनाई असूनही बोलल्या, “कंबरेत बसायचा नाही हिला. उसवावा लागेल. आणते मी उद्या, जिवंत आहे तोवर मापाला उभी राहा म्हणावं.”

हेही लिहून घ्यावं असं मी सांगितलं, आणि घेतलं.

वाचून दाखवलं, बरोबर आहे.

मार्सेय, ९ नोव्हेंबर १९७३

सही: फेर्दिनां वियाल (कायद्यापुरती)

साक्षीदार: मादाम बेर्त एस्तेव्ह

साक्षीदार: माझी मैत्रीण आर्लेत वियाल हिने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. कंबर तिचीच बारीक होती. मादाम ओदिल रिबो