मदतीचं बटण मी बदललं

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार
आणि वेन्डल पुन्हा म्हणतो, मदतीला विचार! बॉस्टनला येऊन या प्रयोगशाळेत लागल्याला दोन आठवडे झाले. कुणाला काहीही विचारा, उत्तर हेच. इथल्या एडिटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये, मदतीचं बटण आहे. ते दाबलं की कुठलं बटण काय करतं ते स्क्रीनवर उमटतं. आधी त्याला न विचारता माणसाला विचारणं म्हणजे इथे उद्धटपणा. वेन्डल प्रोग्रॅमर, ऑफिसात अनवाणी फिरतो, आणि उद्धट मी.

मला कशाला हवी मदत? शाळा चौथीत सोडली खरी, पण आमच्या साव मिगेल बेटावर, चर्चच्या कचेरीत, माझ्याइतकं भराभर टाइप करणारं कुणी नव्हतं. (टाइपरायटर एकच होता, ते सोडा.)

प्रयोगशाळेच्या प्रोफेसरांचं पुस्तक तीनशे पानांचं. दीडशे मी टाइप करायची, दीडशे दुसऱ्या टायपिस्ट बर्निसबाईंनी. महिनाअखेरीस दोघांतल्या एकाला कायम करणार. बाईंचं वय पंचावन्न, चष्मा दोरीला बांधलेला. म्हणजे मीच. आईला कळवून टाकलं : नोव्हेंबरपासून दरमहा दोनशे डॉलर, छपराचं काम काढ.

आज पानं : चार.

५ ऑक्टोबर
संकल्प : यापुढे गाढवासारखं टाइप करायचं नाही. या एडिटरला नवी आज्ञा शिकवता येते. आपण लिहायची, बटणावर बसवायची, की ती त्याचीच होऊन जाते. प्रोफेसर तीच तीच वाक्यं शंभर वेळा लिहितात. ती बटणांवर बसवली की दीडशे पानं दोन दिवसांत. त्यामुळे घाई नाही.

आज पानं : शून्य. पण हे पायाभरणीचं शून्य आहे.

६ ऑक्टोबर, दुपार
माझ्या टर्मिनलवरचं, म्हणजे मला दिलेल्या स्क्रीन-कीबोर्डवरचं, खोडायचं बटण आणि मदतीचं बटण एडिटरला एकच वाटतं. एक अक्षर खोडायला जावं, तर मदत दत्त म्हणून हजर. सकाळपासून चाळीस वेळा.

शेवटी तिलाच विचारलं, बटणाचं काम कसं बदलायचं? तिने पायरी पायरीने सांगितलं. बदललं. आता ते बटण फक्त खोडतं. स्वतःला हाकलायची रीत इतक्या प्रेमाने समजावणारं कुणी मी अजून पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर
पानांना आकडे घालायची आज्ञा लिहिली. ती प्रत्येक ओळीला आकडा घालते. थांबवायची कशी ते आठवेना. मदतीचं बटण दाबलं, एक अक्षर गेलं. जोरात दाबून धरलं, ओळ गेली.

वेन्डलकडे गेलो. तो म्हणाला, "मदतीला विचारलंस?"
"विचारलं."
"काय म्हणाली?"
"बघून सांगते म्हणाली."
तो पाठ फिरवून पुन्हा टाइप करू लागला. माझ्या प्रगतीवर जळत असावा.

१३ ऑक्टोबर
इथे कुणीच आपली फाइल कुलपात ठेवत नाही. दुसऱ्याने बटणांवर बसवलेल्या आज्ञा खुशाल उचलाव्यात, हीच रीत. मग वेन्डलची अख्खी फाइलच उचलली. नामी युक्ती.

१४ ऑक्टोबर
वेन्डलने आज्ञांची बटणंच नव्हे, कीबोर्डवरची अक्षरंही आपल्या सोयीने हलवलेली आहेत. स्क्रीनकडे न बघता दोन पानं टाइप केली, तर जगात कुणी बोलत नसेल अशी भाषा निघाली. ती फाइल काढून टाकायची आज्ञा टाइप करायला गेलो, तर आज्ञाही त्याच भाषेत.

शेवटी बर्निसबाईंनी त्यांच्या टर्मिनलवरून सोडवलं. म्हणाल्या, "पोरा, मदतीचं बटण काढून कशाला टाकलंस? मलाही तोच त्रास होता. मी तिला दुसऱ्या बटणावर बसायला सांगितलं."

बाई रोज अंड्याचं सँडविच खात मदतीचं एक पान वाचतात. बिचाऱ्यांना दुसरं कुणी नसावं.

एकूण पानं : एकोणीस. संकल्प : सोमवारपासून रोज बारा.

२४ ऑक्टोबर
संकल्प : रोज तीस.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार
बाईंची दीडशे पानं झाली. माझी पाठ दुखते म्हणून माझ्यातली शंभरही त्यांनी घेतली. मी नाही म्हणालो नाही, वडीलधाऱ्या आहेत.

वेन्डल त्यांच्या खुर्चीमागे उभा. त्यांनी तळटीपा, आकडे, अनुक्रमणिका, सगळ्यासाठी आज्ञा लिहून ठेवलेल्या. तो म्हणाला, "बाई, हे प्रोग्रॅमिंग आहे."
"छे, मला कुठलं येतंय ते? अडचण आली की पुढच्या वेळी काय करायचं ते एडिटरला सांगून ठेवते, इतकंच."
"आम्हीही तेच करतो. सोमवारपासून आमच्या प्रोग्रॅमरांच्या खोलीत बसा."

म्हणजे बाई शर्यतीतून बाद, टायपिस्टची जागा माझी. आईला मुद्दाम कळवायची गरजच नाही, आधीच कळवलंय.

३१ ऑक्टोबर, सोमवार
प्रोफेसरांनी बोलावलं. बर्निसबाईंच्या आज्ञा वापरून ते आता स्वतःच टाइप करतात, त्यांना मजा वाटते म्हणे. टायपिस्टची जागाच रद्द. मला प्रिंटरचे कागद वाहायचं काम दिलंय, रोज चार तास. जबाबदारीचं आहे. कागद संपला तर सगळं अडेल.

बाई माझ्या टेबलाशी थांबल्या, म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत येत जा, तुला मदतीच्या पहिल्या पानापासून दाखवते. बघू म्हटलं.

घरी आईचं पत्र आलेलं. जुनी कौलं उतरवली, घरावर ताडपत्री घातलीय, नवी कौलं पैसे आल्यावर.

उत्तर लिहिलं : मला छपाई विभागात घेतलंय. ताडपत्री घट्ट बांधून घे. सोबत पस्तीस डॉलर.